शब्दांना कप्पे पाडताना

मोजण्याची गोष्ट आपल्याला लवकर समजते. गावात नळ किती, शाळेत पोरे किती, एकरी ऊस किती टन पडला, हे आकड्यात सांगता येते. पण माणसाला ‘का?’ असे विचारले की तो आकडा देत नाही, बोलू लागतो. एक सांगता सांगता दुसरे सांगतो, मध्येच थांबतो, विषय बदलतो, डोळ्याला पदर लावतो. हे सगळे टेपवर आणि वहीत घेऊन संशोधक घरी जातो, तेव्हा त्याच्यासमोर कागदांचा ढीग असतो. पन्नास माणसांशी तास-तासभर झालेले बोलणे उतरवून काढले तर पाने हजाराच्या आसपास सहज जातात. या ढिगातून अर्थ कसा काढायचा, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. समाजशास्त्रात त्याला गुणात्मक सामग्रीचे कोडिंग आणि विश्लेषण म्हणतात.

मी संशोधक नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण शब्दांशी ज्याचा रोजचा संबंध, त्याला या कामाचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. एका शब्दात चार अर्थ शिल्लक राहिले तर कवीला आनंद होतो. संशोधकाला मात्र त्यातला कोणता अर्थ कुठे नोंदवला, हे लिहून ठेवावे लागते. आणि त्या नोंदीवरून पुढे योजना ठरतात, मदत ठरते, एखाद्या समाजाबद्दलचे मत ठरते. म्हणजे हे काम विद्यापीठाच्या खोलीत सुरू झाले, तरी तुमच्या-माझ्या दारापर्यंत येतेच.

‘कोड’ या शब्दाला मराठीत भलतेच अर्थ आहेत. म्हणून मी त्याला साधे ‘खूण’ म्हणतो. वाक्याच्या कडेला केलेली खूण. आणि सारख्या खुणा एकत्र ठेवल्या की होतो तो कप्पा.

उदाहरण आमच्याच गावचे घेऊ. नातेपुते माळशिरस तालुक्यात आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यात शिरली की पहिला मुक्काम आमच्याकडे पडतो. वारकऱ्यांबरोबर कॅमेरेवाले येतात, पत्रकार येतात, विद्यापीठांतली मुले-मुली येतात. ‘तुम्ही वारीला का येता?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. समजा, डोक्यावर तुळस घेतलेल्या एका बाईने उत्तर दिले : ‘सासू चालायची. ती गेली, तिची तुळस माझ्याकडं आली. औंदा पाऊस न्हाई, घरी बसून तरी काय करायचं? आन् खरं सांगू का, हितं पंधरा-वीस दिस कुणी काय म्हणत न्हाई.’

आता समजा, विचारणाऱ्याच्या हातात छापील कागद आहे आणि त्यावर चार चौकटी आहेत : श्रद्धा, परंपरा, नवस, इतर. तो ‘परंपरा’ या चौकटीत फुली मारील आणि पुढच्या माणसाकडे वळेल. फुली चूक नाही. सासूची तुळस सुनेकडे आली, ही परंपराच. पण त्या बाईने ‘खरं सांगू का’ असे म्हणून जे सांगितले, ते कागदावर आलेच नाही.

कोडिंग करणारा हे वेगळ्या रीतीने करतो. तो उत्तर ओळीओळीने वाचतो. पहिल्या दोन वाक्यांपुढे ‘सासूकडून आलेला वारसा’ अशी खूण करतो. पुढच्या वाक्यापुढे ‘पावसाअभावी रिकामे हात’. शेवटच्या वाक्याला नाव काय द्यावे? ‘सुटका’? ‘मोकळीक’? ‘विसावा’? तिन्ही शब्द संशोधकाचे आहेत, बाईचे नाहीत. अशा वेळी जाणते संशोधक बोलणाऱ्याचेच शब्द खूण म्हणून ठेवतात. ‘कुणी काय म्हणत न्हाई’ हेच त्या खुणेचे नाव. पुढे वीस बायकांच्या उत्तरांत तीच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत आली, तर या खुणेचा कप्पा होईल. मग प्रश्न पडतील. हे तरुण सुना जास्त म्हणतात की म्हाताऱ्या? एकटी आलेली म्हणते की नवऱ्याबरोबर आलेली? आणि एखादी जर म्हणाली, ‘कसलं काय, हितंबी सासू संगंच हाय’, तर ती नोंद मुद्दाम जपायची. आपल्या निष्कर्षाला छेद देणारे उत्तर सापडले की ते बाजूला सारायचे नाही, त्याच्याशी आपला निष्कर्ष ताडून पाहायचा, हा या कामातला मोठा नियम आहे.

दुसरा नियम असा की एकाच माणसाच्या खुणांवर विसंबायचे नाही. तोच मजकूर दुसऱ्याला द्यायचा, त्याने स्वतंत्रपणे खुणा करायच्या आणि मग दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने ‘सुटका’ लिहिले असेल, दुसऱ्याने ‘आनंद’. मग दोघे वाद घालतात, पुन्हा टेप ऐकतात. दोघांचे किती जुळले हे मोजायची गणिती रीतही आहे. जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडलेले ‘काप्पा’ नावाचे माप त्यासाठी अजूनही वापरतात. पण मला त्या मापापेक्षा तो वाद महत्त्वाचा वाटतो. आपण काय ऐकले आणि काय ऐकू आले असे गृहीत धरले, यातला फरक त्या वादातच कळतो.

तिसरी गोष्ट, जे बोलले गेले नाही त्याचीही नोंद लागते. बाईने शेवटचे वाक्य मागे वळून बघून, आवाज खाली आणून सांगितले असेल, तर ते वहीत लिहिले पाहिजे. इरावती कर्वे यांनी वारीत स्वतः चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायला बसताना जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिले आणि लिहिले. ‘तुम्ही भेदभाव मानता का?’ असे विचारले असते तर दोन्हीकडून ‘माउलीपुढं सगळे सारखे’ असेच उत्तर आले असते, आणि ते देणारा खोटेही बोलत नसता. पंगत मात्र वेगळे सांगत होती.

या पद्धतीला शास्त्राची बैठक देणारे एक पुस्तक १९६७ मध्ये अमेरिकेत निघाले. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस हे त्याचे लेखक. मरणासन्न रुग्ण, त्यांचे नातेवाईक, डॉक्टर आणि परिचारिका एकमेकांशी काय बोलतात आणि काय टाळतात, याचा अभ्यास त्यांनी कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांत केला होता. त्यातून त्यांनी सांगितले की सिद्धांत आधी ठरवून माणसांची उत्तरे त्यात बसवू नका. उत्तरे वाचा, खुणा करा, खुणा एकमेकींशी ताडून पाहा आणि सिद्धांत त्यातून वर येऊ द्या. आपल्या शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. तोही आधी खळ्यावर रास करतो, मग माप आणतो.

महाराष्ट्रात या कामाचे एक मोठे उदाहरण आहे आणि ते जात्याशी जोडलेले आहे. पुण्याच्या हेमा राइरकर आणि फ्रान्समधून येऊन भारताचे नागरिक झालेले गी पॉइतवाँ या दोघांनी १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगराळ भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे काम राज्यभर पसरले. हजारावर गावांतून १ लाख १० हजारांहून अधिक ओव्या लिहून काढल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे फ्रेंच अभ्यासक त्यांना येऊन मिळाले. ओव्यांचा संगणकीय साठा तयार झाला आणि १२० तासांच्या वर ध्वनिमुद्रण झाले. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राइरकर २०१० मध्ये गेल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हा ठेवा पुढे नेला आणि २०१७ पासून या ओव्या लोकांसमोर येऊ लागल्या.

एक लाखावर ओव्या. त्यांना कप्पे पाडल्याशिवाय त्यातली एकही हवी तेव्हा सापडणार नाही. म्हणून प्रत्येक ओवीला अक्षर आणि आकड्यांची खूण दिली गेली. अक्षर मोठ्या गटाचे, त्याखालचे आकडे पोटगटांचे. देवधर्म आणि पंढरी, आई, मुलगा, लेक, भाऊ-बहीण, नवरा आणि सासर, बाबासाहेब आंबेडकर, असे विषय त्यात येतात. एक ओवी दोन विषयांना स्पर्श करीत असेल तर दुसऱ्या गटाचाही संदर्भ तिला जोडता येतो.

या वर्गवारीतल्या एका गोष्टीपाशी मी फार वेळ थांबलो. रामजन्माच्या, रामचरित्राच्या ओव्या धर्माच्या गटात आहेत. सीतेच्या वनवासाच्या ओव्या मात्र तिथे नाहीत. त्या बाईच्या स्वतःच्या जगण्याविषयीच्या गटात आहेत. ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्याने राम आणि सीता एकाच फळीवर ठेवले असते. पण पहाटे दळताना सीतेचा सासुरवास गाणारी बाई देवीची स्तुती करीत नसते, आपल्यासारख्याच एकीचे दुःख सांगत असते. हे ज्याने ओवी नीट ऐकली त्यालाच कळेल. ओव्यांच्या अर्थाविषयी गावातल्या स्त्री-कार्यकर्त्यांच्या बैठकांमध्ये बोलणे होत असे, गाणारणींनाच विचारले जात असे. कप्पा कुठला, याचा निर्णय म्हणजे अर्थाचा निर्णय, हे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

जाते केवळ ओवीचे नाही. सोलापूरला लागून असलेल्या विजापुरात सतराव्या शतकात सूफींनी दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ रचले. दळताना बायकांनी म्हणायची ही गाणी. जात्याच्या खुंट्यात त्यांनी अलिफ हे अक्षर पाहिले आणि अलिफमध्ये अल्ला पाहिला. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात या रचनांचा अभ्यास करून दाखवले की दख्खनच्या खेड्यापाड्यांत सूफी शिकवण पोचवण्यात जात्यावर आणि चरख्यावर बसलेल्या बायकांचा मोठा वाटा होता. आता सांगा, चक्कीनामा कुठल्या कप्प्यात ठेवायचा? धर्माच्या? श्रमाच्या? बायकांच्या गाण्यांच्या? दख्खनच्या भाषेच्या? मला विचाराल तर चारही ठिकाणी त्याची चिठ्ठी हवी. जाते फिरवणाऱ्या हाताने ही वाटणी केव्हाच केली नव्हती.

एक बोलणे अनेक कप्प्यांत राहू शकते, हे गाण्यांच्या बाबतीत मान्य करायला आपल्याला जड जात नाही. पण जिथे कागदावर एकच जागा असते, तिथे काय होते ते पाहा. शेतकऱ्याने जीव दिला की पोलिसांच्या नोंदीत मृत्यूमागे एक कारण आणि मृताचा एक व्यवसाय जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली देशभरात ११,७७२ शेतकरी आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०१४ साली शेतकरी आणि शेतमजूर असे वेगळे कप्पे केले गेले. त्या वर्षी शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० झाला. शेतमजुरांचा स्वतंत्र आकडा होता ६,७१०. दोन्ही मिळवले तर १२,३६० होतात. नुसता पहिला आकडा वाचणाऱ्याला वाटावे, एका वर्षात संकट निम्म्यावर आले. रानात तसे काही घडलेले नव्हते. कागदावर एक रेघ ओढली गेली होती. आणि दोन एकर कोरडवाहू असलेला, पण वर्षातले सहा महिने दुसऱ्याच्या बांधावर राबणारा माणूस या रेघेच्या कुठल्या बाजूला उभा राहतो, हे ठरवणारा कुणी दुसराच होता.

याच प्रश्नाकडे घरात शिरून पाहणारे अभ्यासही महाराष्ट्रात झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये राज्य सरकारला अहवाल दिला. त्यासाठी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या शोकग्रस्त घरांशी बोलणे झाले होते. त्यात दिसले ते हे की कारण एकटे येत नाही. कर्ज, गेलेले पीक, लेकीचे लग्न, घरातली भांडणे, आजारपण, दारू, गावात उतरलेली पत, अशी कारणे एकाच घरात एकात एक गुंतलेली असतात. दारू आधी की कर्ज आधी, हे त्या घरातल्या विधवेला विचारावे लागते आणि तिचे उत्तर एका शब्दात मावत नाही. ‘कौटुंबिक कारण’ असे लिहून वही मिटली की सावकारही सुटतो आणि पाऊसही. महाराष्ट्रात अशा घराला अनेक वर्षे एक लाख रुपयांची सरकारी मदत मिळत आली आहे, पण ती देण्यापूर्वी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. हे दोन कप्पे आहेत. त्यातल्या दुसऱ्यात पडलेल्या घरातली बाई पुढे काय करते, याला कप्पा नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर कप्प्यांशी माझी जुनी ओळख आहे. एकदा माहिती भरायला एक तरुण घरी आला. त्याने माझे नाव विचारले, ते लिहिले आणि मातृभाषेपुढे न विचारताच ‘उर्दू’ लिहिले. मुलगा सभ्य होता, त्याचा हेतू वाईट नव्हता. मी त्याला सांगितले, ‘बाबा, आईशी आम्ही दखनी बोललो, गल्लीत मराठी बोललो, कविता मराठीत लिहितो. उर्दू मला जेमतेम वाचता येते.’ तो म्हणाला, ‘चाचा, जागा एकच आहे.’ मी म्हणालो, ‘मग मराठी लिही.’ त्याने खोडून लिहिले. पण ज्या घरात खोडायला सांगणारे कुणी नव्हते, तिथे नाव ऐकूनच भाषा ठरली असणार. प्रश्न विचारण्याआधी उत्तर लिहिणे, हा कोडिंगमधला सर्वांत जुना दोष आहे आणि तो करायला संगणक लागत नाही.

कप्पा नेहमी वाईटच असतो असेही मी म्हणणार नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ‘मुस्लिम मराठी साहित्य’ हाही कप्पाच. पण तो आतल्या माणसांनी स्वतः पाडला होता. ‘आम्ही आहोत, मराठीत लिहितो, आमचे जगणे या भाषेत आलेले नाही, ते आणू द्या’ असे त्यामागे म्हणणे होते. त्या नावामुळे कित्येकांना लिहायचे बळ मिळाले. पुढे तेच नाव दुसऱ्याच्या हातात गेले की अडचण सुरू होते. मी पावसावर कविता वाचली, तरी ‘आता मुस्लिम समाजाच्या व्यथा मांडणारे कवी’ अशी ओळख करून दिली जाते. नाव तेच, कप्पा तोच. तो कोणी उघडला आणि कशासाठी, एवढ्याने फरक पडतो.

अलीकडे या कामासाठी संगणकाचे कार्यक्रम आले आहेत. हजार पानांतून हवी ती खूण ते क्षणात शोधून देतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर बोलणे स्वतःच उतरवतात, खुणा सुचवतात, कप्पेही पाडून देतात. संशोधकाचे कष्ट त्याने नक्कीच वाचतात. पण यंत्राने सुचवलेली खूण माणसाने मूळ बोलण्याशी ताडून पाहिली पाहिजे. ‘कुणी काय म्हणत न्हाई’ याचा अर्थ एखादे यंत्र ‘लोक दुर्लक्ष करतात, म्हणून बाई नाराज आहे’ असा लावील. सासरी नांदलेल्या कुणालाही विचारा, ती हसेल.

आणि एक जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही, ती बोलणाऱ्याच्या अब्रूची. अहवालात नाव बदलले म्हणजे माणूस लपला, असे शहरात होत असेल. खेड्यात ‘तीन मुलींची आई, नवरा कारखान्यावर, घर वेशीजवळ’ एवढे लिहिले तरी सगळ्या गावाला कळते कोण ते. तिने विश्वासाने सांगितलेले वाक्य छापून तिच्याच अंगणात परत येऊ नये, याची काळजी खुणा करतानाच घ्यावी लागते.

हे सगळे ऐकून आपण सामान्य माणसांनी करायचे काय? पुढच्या वेळी कुणी वही घेऊन दारात आले, तर त्याला पाणी द्या, बसवा आणि मोकळेपणाने बोला. पण उठताना विचारा, ‘काय लिहिलंस ते वाचून दाखव.’ तो तुमचा हक्क आहे. चांगला संशोधक या प्रश्नाने रागावत नाही, उलट अनेकदा तोच आपण होऊन वाचून दाखवतो. आणि जी मुले-मुली समाजशास्त्र शिकतात, समाजकार्य शिकतात, गावोगाव सर्वेक्षणाला जातात, त्यांना माझी विनंती आहे. तुमच्या कागदावर सगळ्यात खाली ‘इतर’ असा एक कप्पा असतो. काम संपवायच्या घाईत न बसणारी सगळी उत्तरे तुम्ही तिथे टाकता. संध्याकाळी परत आलात की आधी तो कप्पा उघडा. त्यातली उत्तरे एकेक करून वाचा, त्यांना त्यांची नावे द्या. ज्या माणसांसाठी कागदावर जागा ठेवायची राहून गेली होती, ती तुम्हाला तिथे भेटतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)